गावाकडची छटा

मरोळच्या डबिंग स्टुडिओत संघमित्राच्या वाट्याला नेहमी मोलकरणीचेच संवाद यायचे. त्या दिवशी मालिकेतल्या जजला आवाज देणारी बाई आलीच नाही, म्हणून दिग्दर्शक सिद्धेश सरांनी तिला माइकसमोर उभं केलं.

"आरोपीची निर्दोष मुक्तता करण्यात येत आहे," ती ठासून म्हणाली.

"थांब, थांब," सर काचेपलीकडून म्हणाले. "आवाज झकास आहे गं, पण त्यात गावाकडची छटा येते."

"छटा रंगाला असते ना, सर?"

"रंगाला असते, शब्दाच्या अर्थाला असते, तशी आवाजालाही असते. किंचितच, पण कान बरोबर पकडतो. मोलकरणीला ती शोभते, जजला नाही. तेवढी पुसून टाक, रोल तुझा. नाहीतर मी दुसरी कुणी बघतो."

संघमित्राला हा रोल फार हवा होता. ती घोटभर पाणी प्यायली, हेडफोन नीट केला आणि तेच वाक्य पुन्हा बोलली. या वेळी तिने शेवटचा शब्द थेट आपल्या आईसारखा, पार परभणीच्या हेलात लांबवला.

"अगं ए, वाट लावलीस!" सर वैतागले. "कुठली जज अशी बोलते, सांग ना मला?"



"माझी थोरली बहीण, सर. लातूरच्या कोर्टात ती याच हेलात निकाल देते, आणि भलेभले तो उभं राहून ऐकतात."