डावी सीट

कुमुदिनीचं तेरावं झालं आणि पुढच्याच रविवारी अशोकरावांनी जुन्या झेन गाडीचे ब्रेक पॅड घरीच बदलायला घेतले. "ब्रेक घासलेत हो, दाखवून तरी घ्या," असं ती वर्षभर म्हणत होती, आणि हे "बघू" म्हणत होते.

चेन्नईत वेस्ट मांबलमच्या त्यांच्या बिल्डिंगखाली त्यांनी आधी जॅकवर गाडी उचलली आणि मग नट सोडवायला गेले, तर चाकच गरगर फिरायला लागलं.

"बाबा, नट आधी सैल करायचे असतात," हातातली प्रिंटआउट वाचत मुलगी शर्मिष्ठा म्हणाली. "मेकॅनिकअण्णाला बोलावू का?"

"नको."

दुपारपर्यंत पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड बदलून झाले. निघालेले पॅड त्यांनी उलटसुलट करून पाहिले. अजून जाडजूड होते. "वर्षभर सहज चालले असते," ते म्हणाले, आणि हात पुसत बसले.

शर्मिष्ठा गाडी झाडत होती. "बाबा, आई बसायची तिथल्या मॅटला भोक पडलंय. टाकून देऊ?"

अशोकरावांनी पाहिलं. पुढे बस थांबली, मध्येच कुणी स्कूटर घातली, की कुमुदिनी उजवा पाय खाली गच्च दाबायची. "तुझ्याकडे ब्रेक नाहीये," ते दरवेळी हसायचे. भोक बरोबर तिथेच, टाचेएवढं होतं.

त्यांनी मॅट झटकली आणि पुन्हा जागच्या जागी अंथरली.

"राहू दे. ब्रेक तीच लावायची."