किरकोळ गळती

"सर, आपल्या व्हेंटिलेटरचा ड्रायव्हर प्रोग्रॅम मेमरी घेतो, पण परत सोडतच नाही. थेंब थेंब गळत राहते आणि अकराव्या दिवशी यंत्र ठप्प होतं," नवी इंजिनिअर काकुळतीला येऊन सांगत होती.

"अगं, इतके दिवस त्यावर राहतं कोण? माणूस एक तर सुटतो, नाहीतर सुटतोच!" स्वतःच्याच विनोदावर खूश होत साहेबांनी तक्रारीवर 'किरकोळ' असा शेरा मारला.

वर्षभरानं, लांबच्या दौऱ्यावरून साहेब तडक इस्पितळात आले. आईच्या उशाशी आपल्याच कंपनीचं यंत्र बघून त्यांची छाती फुगली.

 

डॉक्टरांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "चिवट आहेत हो तुमच्या आई! आज अकरावा दिवस. संध्याकाळपर्यंत सुटतील बघा."