पितळी जोड

सॅन्टननं बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा गोणपाटावर उपडा केला आणि आतले नळ्यांचे पितळी जोड बोटांनी पसरले. समोर चिंचेखाली व्हॅलेरियन कंत्राटदाराची लांबलचक अमेरिकन गाडी उभी होती. रिबिनी लावून सजवलेली, आणि पोटाखाली लाल तेलाचं थारोळं. व्हॅलेरियनच्या मुलाचं लग्न होतं, दहाला चर्चमध्ये पोचायचं होतं.

गाडी ऑटोमॅटिक. गिअर आपले आपण पडतात, पण त्यांचं तेल तापतं, आणि ते गार करायला दोन बारीक नळ्या पुढे रेडिएटरपर्यंत नेलेल्या असतात. त्यातल्या एका नळीचा जोड तडकला होता.

"रबरी नळी घाल नि क्लिपा आवळ," व्हॅलेरियन म्हणाला. "चर्चपर्यंत पोचलं की झालं."

"गरम तेलात रबर मऊ पडतं. नवरीला भर रस्त्यात उतरवायचं आहे काय?"

असं ठणकावून बोलायला मिळून सॅन्टनला दोन वर्षं झाली होती. बहारीनला त्यानं उमेदीची सगळी वर्षं याच गिअरबॉक्सांत घालवली. परत आला तर वसईत सगळ्या फियाट नि ॲम्बेसेडर. त्या उघडायला त्याचा हात धजत नव्हता असं नाही, पण ते काम त्याला हलकं वाटे. वाडीतलं तर त्याहून हलकं. तो ओटीवर बसून राही. बाकीच्यांनी आखातातून सोनं आणलं, टेपरेकॉर्डर आणले. यानं डबाभर पितळ आणलं, असं गाव म्हणे. आज त्याच गावातली पाचपन्नास माणसं लग्नाच्या कपड्यांत त्याच्याभोवती गोळा झाली होती.

पहिला जोड जाड निघाला. दुसऱ्याचे दोन आटे झकास बसले आणि तिसऱ्या आट्याला तो अडकला. असा जोड पान्यानं रेटून बसवणारे खूप असतात, आणि पुढे तोच दगा देतो. सॅन्टननं तो बाजूला टाकला. तिसऱ्या जोडात नळीचं फुलवलेलं तोंड नीट बसेना. नेमका जोड डब्यात असायलाच हवा होता, त्यानं स्वतःच्या हातानं ठेवला होता. त्यानं गोणपाटसुद्धा झटकून पाहिलं.

मग तो घरामागच्या वाडीत गेला. विहिरीवरचं पाण्याचं इंजिन धडधडत होतं आणि त्याची बायको बर्था फावडं घेऊन मोगऱ्याच्या वाफ्यात पाणी वळवत होती.

"माझ्या डब्याला हात कुणी लावला?"

बर्थानं फावड्याच्या दांड्यानं इंजिनाकडे दाखवलं. डिझेलच्या नळीवर तो जोड बसलेला होता, तेलाच्या धुरानं काळवंडलेला.

"मार्चपासून तिथंच हाय. डिझेल गळत होतं. तुला दोनदा हाक मारली, तू उठला नाय." तिनं पुन्हा फावडं मारलं. "एकदा वाडीत आला असता तर दिसला असता."

सॅन्टनला लाज वाटली. खरोखर वाटली. पण लाज फार वेळ अंगावर ठेवायची त्याला सवय नव्हती. तिच्या जागी लगेच राग आला.

"तासाभरासाठी काढतो."

"आज आपली पाळी हाय. बाराला विहीर सेबॅस्टियनकडे जाते."

विहीर एक आणि घरं तीन भावांची; सेबॅस्टियन त्यातलाच एक. मे महिन्यात पाणी तळाला गेलं की पाळ्या लागत, आणि चुकली ती चुकली; तिथं सख्खा भाऊ सूट देत नसे. पुढची पाळी तीन दिवसांनी. मोगरा कळ्यांनी भरला होता.

"सगळं गाव अंगणात उभं हाय, बर्था."

बर्थानं त्याच्याकडे पाहिलं. मग वाकून तिनं स्वतःच इंजिन बंद केलं.

जोड गाडीला असा बसला की पान्याची गरजच लागू नये. नुसत्या बोटांनी आटे फिरत गेले. सॅन्टननं तेल भरलं, गाडी चालू केली, गिअरचा दांडा पुढेमागे केला आणि खाली आडवा पडून पाहिलं. थेंब नव्हता. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

"मानलं तुला," व्हॅलेरियन आत बसता बसता म्हणाला. "आजचा दिवस निभावला. सोमवारी नेतो मुंबईला, हे ऑटोमॅटिकचं लोढणंच काढून टाकतो. डिझेल इंजिन नि साधा गिअर. हे नखरे कोण सांभाळणार? तुझा तो तुकडा सापडला तर देईन पाठवून."

गाडी वळणाआड जाईपर्यंत सॅन्टन हात पुसत उभा राहिला. मग ओटीवर बसला. येणारा-जाणारा विचारी, तो सांगे. दर खेपेला जोड अधिकच दुर्मीळ होत गेला. सेबॅस्टियनचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा तो उठला.

वाडीत निम्मा मोगरा ओला होता. त्यापुढच्या दोन रांगा बर्थानं बादलीनं शिंपल्या होत्या, त्यापुढे माती पांढरी. शेजारच्या पाटातून सेबॅस्टियनचं पाणी खळखळत चाललं होतं. बर्था बांधावर बसून तळहाताच्या फोडांवर फुंकर घालत होती.

"जोड आणला?"

"गाडीतच राहिला. येईल." त्यानं हात पुन्हा पुसले. "व्हॅलेरियन सगळ्यांदेखत म्हणाला, असा माणूस मुंबईतसुद्धा नाय."

बर्थानं फुंकर मारायचं थांबवलं नाही.

"इथं तरी कुठं हाय?"