बोटांची झीज

वांगणीच्या श्रमनोंदणी केंद्रात कुमुद घरतने यंत्राच्या काचेवर दोन्ही तळवे ठेवले. श्रवणयंत्रांच्या नव्या कारखान्याला दहा वर्षांचा अनुभव हवा होता, आणि अनुभव आता हातांच्या कातडीवरून मोजला जायचा.

"ताई, काम काय करता?" कारकून बाईंनी विचारलं.

"काही नाही, घरीच असते," कुमुद सवयीने म्हणाली.

"तरी सांगत होतो, हात दाखवून अवलक्षण कशाला?" तिचा नवरा दिगंबर हसला. "मॅडम, बायकांबरोबर बसून बांगड्यांवर खडे चिकटवते. तेवढाच टाइमपास."

यंत्राने तिच्या बोटांच्या टोकांची झीज वाचली. पडद्यावर अक्षरं उमटली: सूक्ष्म जोडकाम, सतरा वर्षे, रोज सात तास. कुशल कामगार.

"पंधराच्या वर असलं की थेट शिकवायला घेतात," बाई म्हणाल्या. "उद्यापासून याल?"

"येते की!" म्हणत कुमुदने तिथूनच मैत्रिणीला फोन लावला. "मालन, हातातलं काम ठेव खाली. सगळ्याजणींना घेऊन ये."

आठवड्याअखेरीस केंद्राच्या फलकावर परिसरातील कुशल कामगारांचा आकडा दोनशे बारावरून एकोणीसशे सहावर गेला. त्यात वांगणीला नव्याने राहायला आलेलं कोणीही नव्हतं.