बांधाआडचं गवत

जयमालाने गुडघाभर चिखलात वाकून पाण्याखालची केसासारखी जुडी वर काढली आणि भिंग डोळ्याला लावलं. लांब वळणदार देठांच्या टोकाला मोहरीएवढी फळं होती. तिने दोनदा मोजली, मग जुडी परत पाण्यात धरली.

कॉलेजच्या कपाटात या पाणगवताचा एकच वाळलेला नमुना होता, साठ वर्षांपूर्वीचा. त्यानंतर या किनाऱ्यावर ते कुणाला दिसलं नव्हतं. वनस्पतिशास्त्र शिकवणारी जयमाला चार वर्षं चौलपासून काशीदपर्यंत प्रत्येक खाजणात, खाऱ्या दलदलीत उतरली होती.

बांधावर बसलेल्या आवडाबाईला मात्र नवल वाटलं नाही. शेत तिचंच. सात वर्षांपूर्वी उधाणात बांध फुटला, भातात खारं पाणी शिरलं ते शिरलंच. तेव्हापासून ती तिथे जाळं टाकून कोळंबी धरायची.

"ते व्हय? जाळ्यात गुंततंय म्हणून आमी उपटून टाकतो," ती म्हणाली.

तेवढ्यात तिचा मुलगा मितेश आला. सोमवारी पोकलेन येणार होता. सगळं शेत खोदून कोळंबीचं तळं करायचं ठरलं होतं. जयमालाने काय सापडलं ते सांगितलं. त्याचा चेहरा बदलला.

"मॅडम, तुम्ही हे कागदावर आणणार. मग साहेब लोक येणार, पाटी लावणार. भात गेलं, आता जमीनपण जाणार."

असं घडलेलं जयमालाने पाहिलं होतं.

"तुम्ही दोघं हो म्हणाल तेव्हाच मी जागेचं नाव लिहीन," ती म्हणाली. "तोवर लिहिणार नाही."

तिने हातातली जुडी हलकेच चिखलात खोचली आणि मुळांवर माती दाबली. पिशवीत काहीच घेतलं नाही.

आवडाबाईने विचारलं, "किती जागा लागंल त्याला?"

"हा कोपरा. आणि भरतीचं पाणी आत येत राहायला हवं."

"ह्याच्यातच कोळंबीची पिल्लं लपून बसतात," आवडाबाई मुलाला म्हणाली. "मी उपटलं की त्या साली जाळं रिकामं. मला काय ठाव न्हाय का?"

"मग उपटायचीस कशाला?"

"ते जपायचं असतंय, असं हिच्यासारखं कोण सांगाया आलं न्हवतं."

मितेशने फोन काढला. मग पोकलेनवाल्याला म्हणाला, "सदाभाऊ, तळं अर्धंच खणायचं. पलीकडच्या अंगानं. हा कोपरा सोडून." फोन खिशात टाकून तो जयमालाकडे वळला. "लिहा मॅडम. पण आमचं नाव आधी."

जयमालाने चिखलाचे हात ओढणीला पुसले आणि वही उघडली. आवडाबाईचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. पुढचा रकाना स्थानिक नावाचा होता.

"मावशी, तुम्ही याला काय म्हणता?"

"काय न्हाय. उपटून टाकायच्या गवताला नाव कोण ठेवतंय?"

"मग रिकामा सोडू?"

आवडाबाई बांधावरून उतरली. लुगडं खोचून पाण्यात वाकली आणि हलत्या गवताकडे बराच वेळ बघत राहिली.

"थांब जरा," ती म्हणाली. "नाव काय घाईत ठेवतात?"