न दिसणारा हत्ती

"बाबा, गोष्टीत माझा नंबर आला की तुला काय दिसतं? अगदी खरं सांग!"

शलाकाने विचारलं एकदाचं! वर्गातल्या निदा आणि मधुराने तिच्याशी पैजच लावली होती. "तुला जन्मापासून दिसत नाही, मग तुझ्या गोष्टीत कोणाला काय दिसणार? उद्या शाळेत सगळ्यांचे पालक साखळीगोष्ट खेळायला येतील. तू आपली चित्रभर चालू ठेव, म्हणजे यंत्रच चित्रं घालेल."

घरी दर शनिवारी तिघं कपाळाला गोष्टपट्टी बांधून साखळीगोष्ट खेळत. एकाने जे मनात आणलं ते बाकीच्यांना अनुभवायला मिळे, आणि ज्याचा पुढचा नंबर तो तिथून गोष्ट वाढवी.

बाबा म्हणाला, "काहीच दिसत नाही. मिट्ट काळोख."

शलाकाचा चेहरा पडला. "मग आपल्या पट्ट्यांमधली चित्रभर? ती चालू नसते?"

"कधी चालूच केली नाही," आई म्हणाली. "अगं, मागच्या शनिवारी माझा हत्ती चांगला समोर उभा होता. तुझा नंबर आला आणि तो गायब! मग मानेवर गरम श्वास, ओल्या गवताचा वास, आणि हातातलं केळं कुणीतरी हळूच ओढलं. मी दचकलेच!"

"दचकलीस? किंचाळलीस!" बाबा हसला. "आमचे हत्ती नुसते उभे राहतात गं. जवळ येतो तो तुझाच."

इतकी वर्षं ही दोघं हौसेने तिच्या काळोखात येऊन बसत होती! शलाकाने दोघांना एकदमच मिठी मारली.

"ठरलं! उद्या चित्रभर बंद. अख्ख्या शाळेला मी माझ्या काळोखात नेणार आहे!"