वाकडी करंगळी

लस टोचून घेतल्याला आज एकविसावा दिवस. माझं रक्त प्यायलेला डास पुढे कुणाला ताप देऊ शकत नाही, हे मला सिद्ध करायचं होतं. गेल्या वर्षी याच तापाने माझी धाकटी बहीण गेली.

डासांच्या पिंजऱ्याला कापडी बाही असते. तिच्यातून मी हात आत घातला.

गुणगुण एकदम थांबली. सगळे डास समोरच्या जाळीवर जाऊन बसले, पंजाच्या आकारात. करंगळी तेवढी वाकडी, बहिणीची होती तशी.

“हात काढ!” प्रयोगशाळेच्या बाई ओरडल्या.

“नाही काढणार.” मी डासांना म्हटलं, “तिला नेलंत ना? आता मला प्या!”

पंजा जाळीवरून सुटला आणि त्याने माझा हात धरला. घट्ट, रस्ता ओलांडताना ती धरायची तसा.